नावानिशी मत

अर्थमंत्री म्हणजे माझे सख्खे धाकटे दीर. त्या दिवशी सकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात आले आणि चहा न मागताच बोलायला लागले. तेव्हाच मी ओळखलं, स्वारीचं काम आहे.

"वहिनी, आज फायनान्स कंपन्यांचं विधेयक आहे. सगळ्यांबरोबर 'होय' म्हणायचं, बास. तीन मिनिटांचं काम."

"वाचलंय मी ते, भाऊजी. लोकांच्या ठेवींतला चौथा हिस्सा बाजूला ठेवायचा नियम तुम्ही काढून टाकताय. वर कंपनी बुडाली तर भरपाई सरकारी तिजोरीतून. म्हणजे कमावलं तर त्यांचं आणि बुडालं तर आपलं?"

"मोकळीक दिली की धंदा वाढतो, धंदा वाढला की कर वाढतो. तिजोरी अशीच भरते."

"मग कर सरळ मागा ना त्यांच्याकडे. तिथे बरी तुमची दातखीळ बसते."

आमदार होण्याआधी मी बावीस वर्षं बँकेत कॅशियर होते. ती बँक बुडाली त्या दिवशी जाळीच्या आत मी होते आणि बाहेर लोक. साहेब मागच्या दाराने पसार झाले होते. एका निवृत्त नर्सने शांतपणे विचारलं, "मग मी कधी येऊ?" तो राग अजून माझ्या पोटात आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

दीर दारात थांबले. "परवा उमेदवारांची यादी निघते. तुमचं नाव मी घातलंय. काढणाराही मीच आहे."

भाजी निवडता निवडता नवरा म्हणाला, "तिला धमकावून उपयोग नाही रे. मी करून बसलोय."

आमच्या सभागृहात कामं आवाजावर उरकतात. अध्यक्ष विचारतात, 'होय'चा गलका उठतो, 'नाही' म्हणायच्या आत विधेयक मंजूर. कोण काय ओरडलं याची नोंद कुठेच नाही. एका जरी सदस्याने उभं राहून मतविभागणी मागितली, तर मात्र प्रत्येकाला नावानिशी मत द्यावं लागतं. पण मागत कुणी नाही, जेवणाची वेळ टळते ना.

त्या दिवशीही 'होय'चा गलका उठला आणि मी उभी राहिले. अध्यक्षांनी कानाडोळा केला. सदस्य उभा असताना पुढचा विषय घेता येत नाही, हा नियम मला पाठ होता.

"बाई, बसा."

"मतविभागणी द्या, बसते."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंना अजून काउंटरवरच असल्यासारखं वाटतंय." हशा पिकला. तिकीट गेलं हे दिसत होतं आणि मला भीती वाटत होती. तरी बसले नाही. दहा मिनिटांनी अध्यक्षांनी वैतागून मतविभागणीसाठी दारं बंद करायला लावली.

मग एकेकाला उठून स्वतःचं नाव घ्यावं लागलं. मघाशी घसा फाडून ओरडणारे आता पुटपुटत होते. त्रेपन्न होय, एक नाही. विधेयक मंजूर झालं.

दीरांनी मला जिन्यात गाठलं. "तिकीट घालवलंत, वर हरलातही. मिळालं काय?"

"त्रेपन्न नावं," मी म्हणाले. "उद्या एखादी कंपनी लोकांना बुडवेल आणि ते विचारतील, हे कुणी केलं? इतके दिवस तुम्ही 'सभागृहाने' म्हणून सुटत होतात. आता यादी आहे, भाऊजी. विधेयक मांडणारे म्हणून पहिलं नाव तुमचंच आहे."

मी घरी गेले आणि पोटभर जेवले.