तीन दुरुस्त्या

माझा ठराव एका ओळीचा होता: मंडळाचं वाचनालय बायांसाठी रोज संध्याकाळी दोन तास उघडं राहील. आष्टीच्या आमच्या वाचन मंडळात सहा बाया सभासद. त्या दिवशी सभेला आलेली मी एकटीच.

अध्यक्ष भागवतराव गोड हसले. "सुरेखाताई, ठराव बिलकुल बराबर हाय. फक्त जराशी दुरुस्ती करू."

साहेबरावांनी 'रोज' काढून 'रविवारी' घातलं. टाळ्या वाजल्या. दुसऱ्यानं 'संध्याकाळी'चं 'दुपारी' केलं. पुन्हा टाळ्या. रविवारी दुपारी वाचनालयात ह्याच लोकांचा कॅरम रंगतो, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाला लाज वाटली नाही. तिसऱ्या दुरुस्तीत शेवटी 'शक्य झाल्यास' चिकटलं.

माझं डोकं फिरलं. "मंग माझ्या ठरावात माझं राहिलं काय?"

"तुमचं नाव हाय की, सूचक म्हणून," भागवतराव म्हणाले. "ते कुणी काढून राह्यलं का?"

सगळे हसले. भागवतरावांनी इतिवृत्ताच्या वहीत 'सर्वानुमते मंजूर' लिहून टाकलं आणि मग रिवाज म्हणून विचारलं, "विरोधात कुणी न्हाई ना?"

मी हात वर केला.

"अहो ताई, ठराव तुमचाच हाय!"

"होता. लिहा, विरोधात एक मत, सूचक स्वतः. आणि ते 'सर्वानुमते' खोडा. ही चौथी दुरुस्ती माझी."

त्यांनी तो शब्द खोडेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.