हिरीबाईचं दुखणं

बिब्बा फोडणाऱ्या बाईचा हात काळाच असायचा, हे मेडशी गावात कोणाला सांगावं लागत नाही. डिंकाच्या लाडवातली जी पांढरी गोडंबी आपण कौतुकाने चघळतो, ती बिब्ब्याच्या पोटातून निघते, आणि निघताना बिब्ब्याचं तेल उडतं. उडेल तिथे कातडी भाजते, फोड येतो, फुटतो आणि काळा डाग मागे राहतो. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यातल्या बाया हाताला राख चोळून घेतात, बिब्बा दगडावर धरतात आणि ठोकतात. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण अशाच कोण्या बाईने काढली असावी. लाडू खाणाऱ्याने तर नक्कीच नाही.

हिरीबाईच्या उजव्या हातावर असं तेल एकदा कोपरापर्यंत सांडलं होतं. त्याला वर्षं लोटली. जखम भरली, पण दुखणं गेलं नाही. वाऱ्याची झुळूक लागली तरी ती कळवळायची, पदर घासला तरी डोळ्यांत पाणी यायचं. बिब्बे ती डाव्या हाताने फोडायची. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून 'काही नाही' म्हटलं, भगताने 'करणी' म्हटलं, आणि नवरा जिवंत होता तोवर 'नाटकं' म्हणाला.

तिचं दुखणं पहिल्यांदा खरं मानलं ते जिनलने. जिनल म्हणजे फूलचंद शेटजींची मुलगी. तांड्यातली गोडंबी शेटजींच्याच दुकानात येते, त्यामुळे हिरीबाईने तिला फ्रॉकात असल्यापासून पाहिलेलं. आता ती बंगलोरला मेंदूवर संशोधन करत होती, आणि विषय एकच: जखम भरल्यावर दुखणं मागे का राहतं. हा विषय तिला पुस्तकात सापडला नव्हता. तिची आई, प्रेमाबाई, कंबरेच्या ऑपरेशननंतर भिंत धरूनच चालायची. तिचं कण्हणं ऐकत ऐकत जिनलने शाळेचा अभ्यास केला होता.

परवानग्या मिळाल्या तशी ती पावसाळ्यात गावी आली आणि दुकानामागच्या खोलीत तिने यंत्र मांडलं. डोक्यावर चढवायचा एक टोप होता. ऐकू न येणारा आवाज कवटीतून आत, मेंदूतल्या एका खोल जागी सोडायचा आणि ती जागा हळूहळू शांत करायची, असं त्याचं काम.

"मावशी, हात बरा हाय तुमचा," जिनलने हिरीबाईला समजावलं. "चोर कवाचा पळून गेला. पण डोक्यातला राखणदार अजून बोंबलून राह्यला."

"मंग त्याले गप कर ना वं माय!" हिरीबाई म्हणाली. "मले नातू उचलू दे. बाकी काई मागत नाई मी."

नातवाचं नाव नवीन, नुकता रांगायला लागलेला. दिवाळी झाली की मुलगा धनराज आणि सून रंजीता ऊसतोडीला जाणार होते. मागच्या हंगामात शेजारच्या घरातलं लेकरू फडातच ट्रॅक्टरच्या चाकाखाली आलं होतं, तेव्हाच रंजीताने शपथ घेतली होती की आपलं पोरगं फडावर न्यायचं नाही. पण ठेवायचं कोणाजवळ? जिला पदराचा स्पर्श सोसत नाही, तिच्या कडेवर रांगतं पोर द्यायचं कसं? पोराचा जीव आता हिरीबाईच्या हाताला बांधलेला होता, आणि तो हात जिनलच्या यंत्राला.

यंत्राने काम केलं. दसऱ्याच्या सुमारास हिरीबाई आली ती नवीनला उजव्या कडेवर घेऊनच. पोर तिच्या हाताला लोंबकळत होतं आणि ती हसत होती. जिनलला भरून आलं. एवढ्या वर्षांत आपण कोणाचं तरी काही खरोखर बरं केलं, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

"दुखते का आता?" तिने विचारलं.

"दुखते ना."

"किती?"

"पह्यले दुखे तेवढंच." हिरीबाईने हाताकडे पाहिलं. "पण आता मले त्याचं काई वाटत नाई. दुखून राह्यलं, राहू दे."

जिनलला हेच उत्तर हवं होतं. मेंदूत दुखण्याची दोन कामं असतात. एक जागा सांगते कुठे दुखतंय आणि किती. दुसरी म्हणते, हे वाईट आहे, ऊठ, काहीतरी कर. तिने पहिलीला हात लावला नव्हता, दुसरीला झोपवलं होतं. त्याच दुसऱ्या जागेचं आणखी एक काम आहे. समोरच्याला चटका बसलेला पाहून आपला हात आपसूक मागे जातो, तेव्हाही तीच जागा जागी होते. हे जिनलला माहीत नव्हतं असं नाही. वर्गात ती स्वतः हे शिकवायची. पण यश दारात उभं असताना नको त्या पाहुण्याची आठवण कोण काढतो!

रंजीता मुद्दाम विचारायला आली. "ताई, खरं सांगा. ठेवू का पोराले बुढीजवळ?"

"बिनघोर ठेव," जिनल म्हणाली. "मी सांगून राह्यली ना."

माणसं ऊसतोडीला निघायच्या दिवशी जिनल तांड्यावर गेली. तिथे निरोपाला रडायचं असतं, आणि तेही सुरात. बाया एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि रडता रडता सगळं बोलून घेतात: कोण गेलं, कोण आजारी आहे, कोण परत भेटेल न भेटेल. हिरीबाईने सूर धरला की पाषाणाला पाझर फुटायचा, असा तिचा लौकिक. त्या दिवशीही तिने रंजीताच्या गळ्यात हात टाकून सूर धरला. सूर नेमका होता, शब्द सगळे जागच्या जागी होते. डोळे मात्र ठणठणीत कोरडे. अर्ध्यातच ती थांबली आणि म्हणाली, "चाला, गाडी सुटून राह्यली." रंजीताचा हुंदका तसाच अडकला.

ट्रकमध्ये चढता चढता तांड्यातली म्हातारी मोतीबाई जिनलच्या कानाशी आली. "हिरीचं दुखणं गेलं, चांगलं झालं. पण तिची रड कुठं गेली वं?"

"दुखणं नाई त रड कायची, मोतीमावशी?" जिनल हसली. पण घरी येईपर्यंत तिने तोच प्रश्न दोनदा स्वतःला विचारला.

तरीही तिने दुसऱ्या दिवशी जे करायचं ते केलंच. आईला टोप चढवला. याची परवानगी कोणी दिलेली नव्हती, पण आईच्या कण्हण्याने जिचं बालपण पोखरलं, तिला परवानगीचं काय सांगता? प्रेमाबाई लहान मुलीसारखी डोळे मिटून बसायची. दिवाळीनंतरच्या थंडीत तिचं कण्हणं खरंच ओसरलं. जिनलच्या घरात शांतता आली. जरा जास्तच आली.

प्रेमाबाई म्हणजे पक्की जैन, साखरेतली मुंगी काडीने अलगद बाहेर काढणारी बाई. रोज सकाळी अंगणात मुंग्यांच्या वारुळापाशी चिमूटभर पीठ घातल्याशिवाय ती चहा घेत नसे. ठणका असह्य असतानाही तिने हा नेम मोडला नव्हता. एका सकाळी जिनलने पाहिलं, तर वारुळापाशी काहीच नव्हतं.

"आई, पीठ घातलं नाई?"

"राह्यलं," प्रेमाबाई म्हणाली, आणि चहाचा घोट घेतला.

राहिलं असेल, जिनलने मनाला सांगितलं. आणि तसंच हिरीबाईच्या तपासणीला तांड्यावर जायचंही आज उद्या करत राहिलं. शेवटी ती गेली तेव्हा दुपार कलली होती. तांडा ओसाड होता, माणसं सगळी उसाच्या फडात. दारांना कुलपं, चुली थंड. फक्त एका घरातून दगडावर ठोकल्याचा आवाज येत होता, संथ, न चुकता. आणि त्याच्या जोडीला दुसरा आवाज, तो आधी तिला मांजराचा वाटला.

ती धावली.

हिरीबाई ओट्यावर बसून उजव्या हाताने बिब्बे फोडत होती. हाताला राख नव्हती. जुन्या डागांवर नवे फोड होते, काही फुटून वाहत होते. आणि तिच्या गुडघ्याला टेकून, बिब्ब्यांच्या ढिगात, नवीन बसला होता. दोन्ही पंजे काळे, ओठ सुजलेले, गालावर टरारलेले फोड. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

जिनलने पोराला ओढून छातीशी घेतलं. "मावशी! रडून राह्यला ना तो!"

"व्हय. सकाळपासून."

"तुमी पाह्यलं नाई?"

"पाह्यलं ना." हिरीबाईचा चेहरा निवांत होता, दुष्टपणाचा त्यात लवलेशही नव्हता. "बिब्ब्यात हात घातले त्यानं, मंग तोंडाले लावले. लई भाजत असन. मले ठाऊक हाय ना कसं भाजते ते."

"मंग उचललं काहून नाई त्याले?"

हिरीबाईने ठोकायचं थांबवलं. ती खरोखर आठवून पाहत होती, मनातल्या मनात काहीतरी शोधत होती. "उचलासारखं वाटलंच नाई," ती शेवटी म्हणाली. "तूच त सांगतलं होतं. राखणदार गप झाला." आणि तिने पुढचा बिब्बा दगडावर ठेवला.

नातू उचलायचा म्हणून जिने डोकं पुढे केलं होतं, तीच ही बाई. झोपवलेली जागा परत जागी होते की नाही, हे तिला माहीत नव्हतं. तिलाच माहीत नव्हतं, म्हणजे जगात कोणालाच नव्हतं. रंजीताला काय सांगायचं? बिनघोर ठेव म्हणणारी तीच होती. पोराला पोटाशी धरून ती गावाकडे पळत सुटली. बिब्ब्याच्या भाजण्यावर आधी खोबऱ्याचं तेल, मग गाडी काढून थेट वाशीमचा दवाखाना, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

घराच्या पायरीवरूनच ती ओरडली, "आई, खोबऱ्याचं तेल आण! लवकर!"

प्रेमाबाई ओसरीवर बसली होती. ती उठली. भिंत न धरता, सरळ उठली. हे पाहायला जिनलने अर्धं आयुष्य घातलं होतं. प्रेमाबाई जवळ आली, तिने वाकून पोराचे पंजे पाहिले, सुजलेले ओठ पाहिले, नीट, शांतपणे.

"लई भाजलं," ती म्हणाली.

मग तिने अंगणापलीकडे मावळतीला नजर टाकली. आयुष्यभर तिने सूर्य बुडाल्यावर घास घेतला नव्हता, मुलीलाही घेऊ दिला नव्हता.

"दिवस बुडून राह्यला बेटा," प्रेमाबाई म्हणाली. "आधी जेवून घे. मंग जेवता येणार नाई."

आणि पोर जिनलच्या हातात तडफडत असताना ती ताठ कंबरेने, एकदाही न कण्हता, ताट वाढायला आत गेली.