धोंडूबाईंच्या माळ्यावरची दोन बोटांची फट

मित्रांनो, मी एक जुने वटवाघूळ आहे. फळांवर नव्हे, कीटकांवर जगणारे. मुठीत मावेल एवढा माझा देह. शेणवे गावात धोंडूबाईंच्या माळ्यावर, कौलांखालच्या दोन बोटांच्या फटीतून माझी आई आत आली आणि तिथेच मी जन्मले. दर सांजवेळी त्याच फटीतून निघून मी भातखाचरांवरचे तुडतुडे टिपत आले.

भाद्रपदात मात्र मला एक कोडे पडे. कात टाकण्याच्या बेतात असलेले तुडतुडे पोटभर खाल्ले की माझे पंख जड होत. ते केवळ तृप्तीचे जडत्व, की आणखी काही?

गेल्या वर्षी जवळपास तेच कोडे घेऊन शहापूरहून दर्शना आली. ती महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ती धोंडूबाईंना म्हणाली,

"आजी, कात कधी टाकायची हे किड्याला त्याच्या अंगातला एक रस सांगतो. संप्रेरक म्हणतात त्याला. ही वाघळं असे शेकडो किडे खातात. मग तो रस यांच्या अंगात काय करतो? लेंड्यांवरून थोडं कळेल."

लेंड्या गोळा व्हाव्यात म्हणून तिने माळ्यावर कागद अंथरला. धोंडूबाईंचा मुलगा धर्मा आमच्या वासाला विटला होता. तो म्हणाला, "रविवारी फटीला पत्रा ठोकनार. तवर काय ते शोधा, ताई."

शनिवारी दर्शना आली, तर कागद लख्ख.

"आजी, यावरचं कुठंय?"

"काकडीच्या येलाला घातलं गो, नेहमीसारखं. कागद बी झाडून ठेवलाय."

"शोध काकडीत गेला म्हनायचा," धर्मा हसला.

दर्शना तो कोरा कागद उलटसुलट करून पाहू लागली. तिच्याकडे पाहून त्या माउलीला आपली चूक उमगली.

"धर्मा, पत्रा ऱ्हाऊ दे. मी घालवलं, मीच राखीन."

पुढे पंधरा दिवस धोंडूबाई कागदाशेजारी पाट मांडून बसल्या.

"आये, वाघळांची राखन करतीस?"

"तुजी केली तवा कोनी हसलं नाय."

महिन्याने दर्शना निकाल घेऊन आली. त्या रसाचा काही अंश लेंड्यांत सापडला होता; उरलेला आमच्या देहात काय करतो, हे तिलाही कळले नव्हते. "अजून एक भाद्रपद लागेल," ती संकोचाने म्हणाली.

धर्माने डोके खाजवले. मग त्याने पत्रा ठोकला खरा, पण दोन बोटांची जागा मोकळी सोडून.

मित्रांनो, माझे पंख अजूनही जड होतात आणि कारण मला ठाऊक नाही. यंदाही कागद अंथरला आहे, शेजारी पाट आहे. तुमच्या घरातली एखादी फट बुजवण्यापूर्वी आत कोण राहते, ते एकदा पाहा. जमल्यास दोन बोटे जागा ठेवा. आम्हांला तेवढी पुरते.