शून्य क्रमांकाचे झाड

सुज्ञ वाचकहो, एक बेपत्ता मनुष्य, त्याची पत्नी आणि एक चुकलेला नकाशा यांचा वृत्तांत पुढे यथाशक्ती निवेदन करीत आहे. त्यात हसण्याच्या जागा थोड्याच आहेत. परंतु त्या आल्या असता संकोच न करता हसावे, कारण ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला तेही तेथे हसले होते.

मोजणी कार्यालयात संगणकावर नकाशे करणारा एक गृहस्थ होता. त्यास सर्वजण नकाशेवाला म्हणत. त्याचा थोरला भाऊ एका कंत्राटदाराकडे झाडे मोजण्याच्या कामावर होता. हा भाऊ जिन्याच्या पायऱ्यादेखील मोजल्यावाचून चढत नसे, म्हणून त्याचे नाव पडले मोजदाद. झाडाशी उभे राहून फोनवरील बटण दाबायचे, की त्या जागेची नोंद थेट कंत्राटदाराच्या कचेरीत पोहोचे. मग झाडावर पत्र्याचा बिल्ला ठोकायचा, असे ते काम. रोज सकाळी फोन नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी पहिली नोंद तो दोघा भावांच्या सामाईक घराच्या उंबरठ्यावरच करी आणि तिला क्रमांक देई शून्य.

“मी काय झाड आहे का हो?” डबा हातात देत पत्नी विचारी.

“शून्य क्रमांकाचं. सगळी मोजणी तुझ्यापासून सुरू.”

“आणि जागची हलत नाही, हे बरंय तुम्हाला!”

एके सकाळी मोजदाद असाच निघाला, तो परतला नाही. त्यास नेमून दिलेले रान माणसांनी चार दिवस पिंजून काढले. चप्पलसुद्धा मिळाली नाही. कंत्राटदाराने कचेरीला कुलूप ठोकून पोबारा केला होता. त्या दिवसाच्या नोंदींची फाइल मिळवण्यासाठी नकाशेवाल्याने अर्जांवर अर्ज केले, उंबरठे झिजवले, आणि चौदा महिन्यांनी ती त्याच्या हाती पडली.

रविवारी दुपारी त्याने ती घरच्या संगणकावर उघडली. मोजदादची पत्नी, म्हणजे त्याच्या वहिनी, हात पुसत पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. फाइल म्हणजे साधी यादी होती. प्रत्येक ओळीत झाडाचा क्रमांक, नाव, वेळ आणि जागा सांगणारे दोन आकडे. इंटरनेटवरच्या नकाशाला ते आकडे समजावेत म्हणून नकाशेवाल्याने चार ओळी लिहिल्या.

“शेवटचा ठिपका कुठाय, भावोजी? तेवढाच दाखवा. बाकीचं मला नको.”

त्याने कळ दाबली. नकाशा भराभर सरकला, समुद्र ओलांडून गेला आणि कुठल्याशा परक्या मुलखातील बंदराच्या गावी जाऊन थांबला.

वहिनींनी पडद्याजवळ वाकून पाहिले. मग एकाएकी खळखळून हसल्या. “अहो, बादलीभर पाण्याला घाबरणारा माणूस! आणि जाऊन बसलाय समुद्राकाठी!”

“वहिनी…”

“पळून गेले, भावोजी. टाकलं मला. टाकू देत! जिवंत आहेत ना?”

त्या तशाच जिना उतरून खाली घड्याळाच्या दुकानात ही वार्ता सांगून आल्या. चौदा महिन्यांत प्रथमच त्यांनी चढताना कठड्याचा आधार घेतला नाही.

इकडे नकाशेवाला एकेक ठिपका तपासू लागला. पहिल्यावर येताच तो थबकला. क्रमांक शून्य. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटे. आणि जागा? त्याच बंदरावरील एका गोदामाचे छप्पर! त्या सकाळी सात दहाला दादा याच दारात उभा होता. शेजारी बसून नकाशेवाला स्वतः बुटाची नाडी बांधत होता.

शाळेत पाठ केल्यापासून त्याच्या जिभेला एकच जोडी ठाऊक होती: अक्षांश-रेखांश. जीभ वळली तशी बोटे वळली. यादीत मात्र रेखांश आधी होता, अक्षांश मागाहून. लिहिलेल्या ओळींतील दोन शब्दांची अदलाबदल करायची, एवढेच काम होते.

ते न केले तर? विचारणारे कोण होते? स्वयंपाकघरातून वहिनींचे गुणगुणणे ऐकू येत होते. थोड्या वेळाने त्या मोजदादचा वाचायचा चष्मा फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या.

“हा इथेच राहिला बघा. डोळे ताणून वाचत असतील. पाठवायचा म्हणते. त्या ठिपक्याचा पत्ता काढून द्या ना.”

नकाशेवाल्याने खुर्ची बाजूला सरकवली. “वहिनी, आधी हे बघा. शून्य कुठे पडलंय.”

वहिनींनी वाकून पाहिले. वेळ वाचली. पुन्हा वाचली.

“शून्य तर मी आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

“माझी चूक झाली. आकडे उलटे घातले. पण तुम्ही म्हणाल तर… राहू देतो असंच.”

त्यांनी चष्म्याभोवतीचे फडके नीट केले. “एक झाड दोनदा मोजलं गेलं तर ते जेवायचे नाहीत. त्यांच्या कामात चूक ठेवू नका, भावोजी. करा सरळ.”

त्याने शब्द बदलले. समुद्राकाठचे ठिपके नाहीसे झाले आणि सगळे आपल्या गावी परतले. शून्य या घरावर येऊन उभे राहिले. तेथून एक, दोन, तीन असे ठिपके रानात शिरले, रानाची हद्द ओलांडून पुढे गेले आणि पडीक दगडखाणीच्या काठावर संपले. शेवटचा क्रमांक एकसष्ट. झाडाचे नाव लिहायचे राहिले होते. काठावरचे एक झाड यादीत कमी पडू नये, म्हणून तो तिथवर गेला असावा.

तिसऱ्या दिवशी अग्निशमन दलाच्या माणसांना खाणीच्या पाण्यात तो सापडला. खांद्याच्या पिशवीत न ठोकलेले बिल्ले होते; सर्वांत वरचा एकसष्टचा.

पुढे पंधरवड्याने वहिनी नकाशेवाल्याजवळ येऊन बसल्या. “आज शेवटचा नको. शून्य दाखवा.”

त्याने नकाशा जवळ आणला. गल्ली, छप्पर आणि छपरावर तो ठिपका. वहिनींनी मोजदादचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कितीतरी वेळ त्याकडे पाहिले.

“हललेलं नाही,” त्या म्हणाल्या.

वाचकहो, येथवर लक्ष दिलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
त्याच जिन्याखालचा घड्याळजी