बंतु

"दोरी सोडा की ओ," पिकअपमधून उतरत सोनाबाई म्हणाली. "माजा कांदा उनानं उकडाय लागलाय."

"न्हाय आज्जी. डिझेल न्हाय," सिद्धाप्पा म्हणाला.

"न्हाय तर मग दोरी कशाला बांदलीय? जे न्हाय त्याची राखन कोन करतंय व्हय?"

रांगेतले लोक हसले. सिद्धाप्पाने पंपाच्या वाटेवर आडव्या बांधलेल्या दोरीची गाठ आवळली. अक्कलकोट रस्त्यावरच्या या पंपावर त्याचं सगळं आयुष्य 'झिरो बघा' म्हणण्यात गेलं होतं. खोटं बोलायची सवय आता या वयात कुठून लागणार?

टाकीच्या तळाशी थोडं डिझेल होतं. पण ते मैंदर्गीपलीकडच्या त्याच्याच वाडीला पाणी नेणाऱ्या टँकरसाठी राखलेलं होतं. तहसीलमधून तशी ताकीद होती, आणि सकाळी तेलाच्या डेपोकडे निघताना मॅनेजर युवराजनेही बजावलं होतं, "मामा, देव जरी गाडी घेऊन आला तरी दोरी सोडायची नाही."

वाडीच्या वरच्या माळावर पवनचक्क्या दिवसभर फिरायच्या. त्यांची वीज कुठं जायची कोण जाणे, वाडीत मात्र प्यायचं पाणी डिझेलवर यायचं. ओढ्याकाठच्या विहिरीवर सौरपंप बसवून नळ देणार, असं बोलणं बरीच वर्षं चाललं होतं. तोवर टँकर लावा, असं दर उन्हाळ्यात वरून सांगणं यायचं, आणि हे 'तोवर' काही संपायचं नाव घेत नव्हतं. आता टीव्हीवर सांगत होते की समुद्रापलीकडच्या तेलाच्या विहिरी आटत चालल्यात, जहाजं कमी येतायत. विहीर आटणं म्हणजे काय, हे सिद्धाप्पाला कुणी शिकवायला नको होतं. ते ऐकल्यापासून तो दिवसातून दोनदा टाकीत काठी घालून तेल मोजायचा.

त्याला एका युवराजचाच काय तो आधार वाटायचा. युवराज जुळे सोलापूरचा, घरात मराठी बोलणारा. सिद्धाप्पाच्या घरात कानडी. रोजच्या सहवासाने युवराजने दोन-चार कानडी शब्द उचलले होते आणि ते तो नको तिथे फेकत बसायचा. जेवण झालं का हे विचारायचं तर, "ऊट आयतु का, मामा?" तेलाचा टँकर वळणावर दिसला की केबिनमधून ओरडायचा, "बंतु, मामा, बंतु!" बंतु म्हणजे आला. मग सिद्धाप्पा हसत हसत टाकीचं झाकण उघडायला धावायचा.

दुपार कलताना त्याचा फोन वाजला. रांगेतल्या गाड्या हॉर्न बडवत होत्या. दुसऱ्या कानात बोट घालून त्याने युवराजचा आवाज पकडला.

"हॅलो मामा, ऐका. टँकर..."

पुढचा शब्द हॉर्नमध्ये अर्धा बुडाला. पण ओळखीचा शब्द अर्धाही पुरतो. बंतु! फोन कटला.

सिद्धाप्पाचा चेहरा असा फुलला की सोनाबाईने विचारलं, "काय ओ, नातू झाला का काय?"

"टँकर आला, आज्जी! आलाच की!" त्याने दोरीची गाठ सोडून टाकली. "आना गाडी फुडं. झिरो बघा."

सोनाबाईने झिरो बघितला नाही, हात जोडले. तिच्यामागे दुधाची गाडी, मग वऱ्हाडाची जीप, मग मळणीयंत्रवाला. प्रत्येकाला थोडं थोडं देत, प्रत्येकाचा दुवा घेत सिद्धाप्पा रांगेवरून फिरला. शेवटी पाइप ठसका लागल्यासारखा थरथरला आणि नुसता वारा फेकू लागला. तरी त्याला काही वाटलं नाही. टँकर वाटेतच तर होता.

वळणावरून आली ती युवराजची मोटरसायकल. एकटीच. युवराजने मोकळा रस्ता बघितला, खांबापाशी पडलेली दोरी बघितली.

"मामा, दोरी का सोडली?"

"तुमीच सांगितलं की, साहेब. टँकर बंतु म्हनून."

युवराजने गाडी स्टँडवर लावली. "बंद म्हणालो, मामा. टँकर बंद."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर खाली बसला.

"कवापर्यंत?" सिद्धाप्पाने विचारलं.

"सांगत नाहीत. जहाजच आलं नाही म्हणे. आहे ते शहराला, दवाखान्यांना. वाडीच्या पाण्याचं काय, म्हणून मी भांडलो तिथं. तर म्हणाले, तोवर काहीतरी बघा."

त्यानंतर जी जी गाडी आत वळली तिला सिद्धाप्पा हात वर करून सांगत राहिला, "बंद हाय. बंद हाय." आता तेच खरं होतं, पण ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

दिवस बुडायला निंगप्पा पाण्याचा टँकर घेऊन आला. तो सिद्धाप्पाचा चुलतभाऊ. टँकर रिकामाच होता. इथे डिझेल घ्यायचं, मग भरणा केंद्रावर पाणी, मग वाडी, अशी त्याची रोजची वाट.

"भर, अण्णा," तो कानडीत म्हणाला. "काटा खाली टेकलाय."

सिद्धाप्पाने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. निंगप्पा खाली उतरला, टायरला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "सकाळपासनं घागरी मांडून बसल्यात रे बायका."

तेवढ्यात वाडीतून त्याच्या बायकोचा, नागव्वाचा, सिद्धाप्पाला फोन आला. मागे बायकांचा गलका, कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

"टँकर बंता?" तिने विचारलं. आला का?

संध्याकाळभर घोकलेला शब्दच तेवढा सिद्धाप्पाच्या तोंडात उरला होता.

"बंद," तो म्हणाला.

"बंतु!" नागव्वा तिकडे ओरडली. "बंतु, बंतु!"

"नागव्वा! ए नागव्वा, न्हाय..."

पण दोन्ही हात मोकळे लागतात म्हणून तिने फोन कुठेतरी ठेवून दिला होता. घागरीवर घागर आपटली. कुणीतरी कुणाला तरी रांगेतून मागे सारलं, कुणीतरी हसलं. रडणारं लेकरू गप्प झालं. सिद्धाप्पाने आणखी दोनदा हाक मारली.

फोन कानाला तसाच धरून तो खाली वाकला आणि मोकळ्या हाताने पडलेली दोरी उचलून पुन्हा खांबाला बांधू लागला.