शनिवारची लडी

माणसाचे हात मोकळे झाले आणि तिथून संस्कृती सुरू झाली, असे मानणाऱ्यांपैकी मी एक आहे. चार पायांवरून दोन पायांवर येण्यासाठी आपल्या पूर्वजांनी लाखो वर्षे कळ काढली. त्या कष्टांचे फळ म्हणून दर शनिवारी दुपारी तीन वाजता बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, "अहो, हात." मग मी खिडकीपाशी खुर्चीत बसतो आणि कुणाकडून मोठे पातेले घ्यायचे असल्यासारखे दोन्ही हात पुढे धरतो.

त्या हातांवर लोकरीची लडी चढते. ज्यांच्या घरी विणकाम नाही त्यांच्यासाठी सांगतो. लडी म्हणजे लोकरीचे मोठे, सैल वेटोळे. तिचा गुंडा, म्हणजे चेंडूसारखा गोळा, केल्याशिवाय विणता येत नाही. एकाने धरायची, दुसऱ्याने गुंडाळायची. धरणाऱ्याला डोके लागत नाही. असलेच तर मध्ये येते.

मी वजनकाटे तपासणारा निरीक्षक आहे. मी बाजारात शिरलो की दुकानदार उठून उभे राहतात, काही जण तर मागच्या दाराने बाहेरही पडतात. शनिवारी अर्धा तास मात्र मी खुंटी असतो.

घरात दोन मांजरे आहेत, अध्यक्ष आणि चिटणीस. अध्यक्ष पिवळा, जाड आणि कामापासून अलिप्त. चिटणीस काळीपांढरी, हडकुळी. सगळे उद्योग तिचे. एरवी अध्यक्ष माझ्या मांडीकडे ढुंकून पाहत नाही. हलणाऱ्या सामानावर त्याचा विश्वास नाही. पण हातांवर लडी आली की मी हलू शकत नाही हे त्याला कसे कोण जाणे समजते. तो येतो, मांडीवर दोनदा गोल फिरतो आणि सभा तहकूब झाल्यासारखा झोपतो. चिटणीस खाली बसून धाग्याच्या सावलीवर लक्ष ठेवते.

आणि मग ती दुपार सुरू होते. धागा उजव्या अंगठ्यावरून सुटतो, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. हात आपोआप झुलू लागतात. थोड्या वेळाने खुर्ची कुठल्यातरी संथ पाण्यावर असल्यासारखी वाटते. ऊन निळ्या लोकरीच्या तंतूंत अडकते, बारीक निळी धूळ वर चढते आणि तिथेच राहते. रस्त्यावरच्या सायकलची घंटी पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येते. बायकोच्या हातात गुंडा वाढत जातो, सुपारीएवढा, लिंबाएवढा, संत्र्याएवढा. आमची दोघांची नजर धाग्यावर असते, त्यामुळे एकमेकांकडे पाहण्याची अडचण नसते. बहुधा म्हणूनच ती बोलते.

"काल परत ती खोली दिसली," ती म्हणायची.

तिला स्वप्नात आमच्या घराला एक जास्तीची खोली सापडली होती. न्हाणीघराच्या शेजारी, जिथे प्रत्यक्षात भिंत आहे. पहिल्या शनिवारी तिने नुसते दार सांगितले. दुसऱ्या शनिवारी आत गेली. तिथे दुपारच होती, पण खिडकी नव्हती. तिसऱ्या शनिवारी तिला कोपऱ्यात कपाट दिसले.

"कपाटात काय होतं?" मी विचारले.

"उघडणार होते. तेवढ्यात तुम्ही घोरलात."

याच दुपारी चिटणीसने झेप घेऊन धागा तोडला. दोन्ही टोके मी जोडली. काट्याला शिशाचे सील लावताना आम्ही दोरीला जी गाठ मारतो, ती मारली. लहान, चपटी, ओढली तर आणखी घट्ट होणारी. तीस वर्षांत माझी एकही गाठ सुटलेली नाही. बायको म्हणाली, "जाऊ दे, स्वेटरच्या आतल्या बाजूला जाईल."

स्वेटर मुलीसाठी होता. ती थंड गावी नोकरीला आहे. इथे माझी चूक सांगायला हवी. मुलीचा फोन आला की मी लडीबद्दल कुरकुर करत असे. नवरा म्हणून तेवढे करावे लागते. "तुझ्या आईने माझा खांब केलाय," "तीस वर्षांची नोकरी आणि घरी ही बढती," असे काहीबाही. ऐकणारा हसतो आणि विसरतो अशी माझी समजूत होती. आमची मुलगी ऐकून घेऊन उपाय करणाऱ्यांपैकी निघाली.

एके दिवशी खोके आले. आत छत्रीच्या काड्यांसारखी उघडणारी, गरगर फिरणारी एक चौकट होती, तिच्यावर लडी चढवायची. जोडीला गुंडा करणारी, हाताने फिरवायची चरकी. दोन्ही एका पकडीने टेबलाला आवळायची. "बाबा, सुटलात एकदाचे," मुलगी फोनवर म्हणाली. मी तिचे आभार मानले. आवाज बरा लागला असावा.

यंत्राने घरातल्या चारही लड्या वीस मिनिटांत गुंडाळल्या. चिटणीस फिरत्या चौकटीवर चढून दोन फेऱ्या मारून आली आणि दिवसभर तिरपी चालली. अध्यक्ष खुर्चीपाशी आला, माझ्या हातांत वर्तमानपत्र पाहिले आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी तीन वाजले. कुणी काही म्हणाले नाही. मी वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा वाचल्या. बायको आत कपाट आवरत होती, म्हणजे खरे कपाट. दुसरे कपाट तिने उघडले की नाही हे मला समजायला मार्ग नव्हता. लोक म्हणतील, विचारायचे. पण पंचवीस वर्षांचा संसार झालेल्या माणसाने मोकळे हात घेऊन बायकोसमोर उभे राहावे आणि "तुझ्या स्वप्नातल्या कपाटात काय होतं?" असे विचारावे? ती आधी माझ्या कपाळाला हात लावेल.

तिसऱ्या रिकाम्या शनिवारी मी यंत्राच्या पकडीचा स्क्रू काढून शर्टाच्या खिशात टाकला. निरीक्षक म्हणून मी हे कृत्य तोडफोड या सदरात घालीन.

"स्क्रू कुठे गेला?" संध्याकाळी बायकोने विचारले.

"चिटणीसने नेला असेल."

"मांजरीने स्क्रू फिरवून काढला?"

"तिचं मागचं रेकॉर्ड बघ."

आम्ही फ्रिजखाली झाडू घातला. पेनांची तीन टोपणे निघाली, एक क्रोशाची सुई, माझा हरवलेला चष्मा आणि एक वाळलेली पाल. चिटणीस शेजारी बसून सगळ्या जप्तीकडे कुतूहलाने पाहत होती. बायकोने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तीनला आवाज आला. "अहो, हात."

लडी निळीच होती. कुठून आली, मी विचारले नाही. अध्यक्ष येऊन झोपला. ऊन लोकरीत शिरले, खुर्ची पाण्याला लागली. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "ते कपाट उघडलं मी."

"काय होतं?"

"काही नाही. पण हात घातला तर आत ऊब होती. जसं कुणीतरी नुकतंच उठून गेलंय."

तेवढ्यात उजव्या अंगठ्यावरून काहीतरी बारीक, चपटे सरकले. माझी गाठ. मला आनंद झाला. आपले काम परत भेटले की होतो तसा.

त्यापुढच्या शनिवारी ती गाठ पुन्हा अंगठ्यावरून गेली. त्यापुढच्याही.

आमच्या खात्यात हा प्रकार नवा नाही. काही दुकानदारांकडे एकच खरे वजन असते. दर तपासणीला तेच पुसून पुढे करतात. आम्ही त्यावर गुपचूप ओरखडा काढून ठेवतो. तोच ओरखडा परत समोर आला की ओळखायचे, माल फिरवून दाखवताहेत.

गुरुवारी मी दुपारीच घरी आलो. दार लोटलेले होते. मधल्या खोलीत दोन खुर्च्या पाठीकडे पाठ करून, हातभर अंतरावर ठेवल्या होत्या. बायको त्यांच्याभोवती सावकाश फिरत होती. हातात निळा गुंडा होता, शनिवारी केलेला, आणि त्याचा धागा ती खुर्च्यांच्या पाठींवर वेढत चालली होती. गुंड्याची परत लडी होत होती. मागून धाग्याच्या सावलीवर उड्या टाकत चिटणीस. मधल्या फटीत अध्यक्ष, अर्थातच झोपलेला. कुणाच्या पायांचा आवाज नव्हता. ती काहीतरी गुणगुणत होती, किंवा पंखा असेल. मला वाटले, न्हाणीघराशेजारची ती खोली बहुधा हीच, आणि मी भिंतीच्या बाजूने पाहतो आहे.

मी मागच्या मागे जिना उतरलो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा काटा विनाकारण दोनदा तपासला. तो घाबरून घामाघूम झाला. काटा अचूक होता. मग किल्ल्या वाजवत, खोकत घरी गेलो. खुर्च्या जागेवर होत्या.

नियमानुसार नोटीस द्यायला हवी होती. पण नोटीस देणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ लागतात, आणि शर्टामागून शर्ट बदलत तो स्क्रू अजून माझ्या खिशात होता.

शनिवारी तीन वाजता मी हाक येण्याआधीच बसलो. धागा सुटू लागला, उजवा, डावा, उजवा. यावेळी गाठ जवळ आली तसा बायकोचा हात मंदावला.

"सुटणार नाही ना ती?" तिने धाग्याकडे पाहत विचारले.

"सरकारी आहे."

"हं." गुंडा लिंबाएवढा झाला. "काल कपाटाच्या मागे आणखी एक दार दिसलं."

"उघडलंस?"

"घाई काय आहे." ती गुंडाळत राहिली. अध्यक्षाने झोपेतच एक पंजा माझ्या मनगटावर ठेवला. मग ती म्हणाली, "आणि तो स्क्रू खिशातून काढून ठेवा. शर्ट धुवायला टाकायचाय."

मी मान डोलावली. हात गुंतलेले होते.

मुलगी महिन्याभराने आली. तिच्यासाठी आम्ही बाजारातून तयार स्वेटर आणला.