सप्लायमधली घुरघुर

"घुं घुं येस! ओ बेबाना बाप, घुं घुं येस ना माले!"

भागाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारीण पुष्पाबाई दारात येऊन उभी राहिली. मुदतीच्या तापात कान गेल्यापासून आपला आवाज किती चढतो हे भागाबाईला कळत नसे. तिचा नवरा कौतिक हातात पेचकस धरून नुसताच बसून राहिला. दोन वर्षं कानाशी ताट बडवलं तरी वळून न बघणाऱ्या बायकोला आज लष्करी भंगारातल्या हेडफोनमधून काहीतरी ऐकू आलं होतं. त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत.

कौतिक जळगावच्या एका टॉकीजमध्ये मशीन चालवी. शाळा चौथीपर्यंत, पण पडद्यामागच्या आवाजाची नस न् नस त्याला ठाऊक. दुसरं महायुद्ध संपून लष्कराचा मोडका माल बाजारात आला, तेव्हापासून त्यानं घरीच एक यंत्र जुळवायला घेतलं होतं. बोलायला माइक, आवाज वाढवायला दोन व्हॉल्व्ह आणि ऐकायला हेडफोन. घोडं पेंड खात होतं ते विजेच्या सप्लायपाशी. दिव्याच्या तारेवरून घेतलेली वीज आपली घुरघुर सोबत घेऊन येई. माइकमधला आवाज मुळात मुंगीएवढा. पहिला व्हॉल्व्ह त्याला मोठा करी, तसा घुरघुरीलाही करी. कौतिक माइकसमोर "भागा, भागा" म्हणत होता, ते तिला ऐकू आलं नव्हतंच.

"घुरघुरखाले दबी जास मना आवाज," तो पुष्पाबाईला म्हणाला. "ती काढी टाकी म्हंजे बठ्ठं ऐकाले येई तिले. आखाजीले बेबा येनार शे. तोपावत करी टाकसू."

बेबा त्यांची एकुलती एक मुलगी, धुळ्याकडे दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणतात, आणि बेबा गाऊ लागली की गल्लीतले बाकीचे झोके थांबत. आईचे कान गेल्यावर मात्र तिनं माहेरी गाणं सोडलं होतं. भागाबाईनं कधी देवाकडे लुगडं मागितलं नाही की सोनं. पोरीचं एक गाणं कानावर पडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

महिनाभर कौतिक त्या सप्लायच्या मागे हात धुऊन लागला. जळक्या रेडिओची तार सोडवून त्यानं घुरघुर अडवणारा चोक नव्यानं गुंडाळला. तीन हजार वळसे. भागाबाई समोर बसून रीळ धरी, आणि तारेला गाठ आली की बोट दाखवी. चोक ट्रान्सफॉर्मरशेजारी आडवा होता तो उभा केला, तेव्हा घुरघुर निम्मी झाली. टॉकीजनं टाकून दिलेला एक मोठा कंडेन्सर जोडल्यावर उरलीसुरलीही गेली. कौतिकनं हेडफोन कानाला लावला, तर कोनाड्यातल्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. भागाबाईच्या कानाला मात्र त्यानं तो मधे एकदाही लावला नाही. अर्धंमुर्धं ऐकून तिचा हिरमोड व्हायला नको, सणाच्या दिवशी एकदम गाणंच ऐकू दे, असं त्याच्या मनात होतं.

आखाजीला मांडे-आमरसाचं जेवण झालं आणि तिघं माजघरात बसली. हेडफोनची एक बाजू भागाबाईच्या कानाला, दुसरी कौतिकच्या. बेबानं माइकसमोर पहिली ओळ म्हटली. काय स्वच्छ आवाज आला! मधे तिनं घेतलेला श्वाससुद्धा कौतिकनं ऐकला. त्यानं मोठ्या अभिमानानं बायकोकडे पाहिलं.

भागाबाईनं हेडफोन दाबला, मग कान बदलून पाहिला.

"आते तर काहीच नही. बंद पडनं का?"

कौतिकनं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. त्याचा स्वतःचा कान फुटायची वेळ आली. भागाबाई अपराध्यासारखी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे कान मेलेलेच होते. हाडाला जाणवत होती ती फक्त दांडग्या घुरघुरीची थरथर, आणि तीच त्यानं महिनाभर राबून नाहीशी केली होती. असं हात दाखवून अवलक्षण कोणी केलं नसेल. त्याला स्वतःच्या हुशारीची किळस आली.

"काय व्हयनं आबा?" बेबानं विचारलं.

बटण बंद करून त्यानं पेचकस घेतला, कंडेन्सरची तार सोडली, चोक पुन्हा आडवा केला आणि बटण पुन्हा दाबलं. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागलं. मग घुरघुर आली, पहिल्याइतकीच दांडगी. बेबानं पुन्हा ओळ म्हटली, पण घुरघुरीखाली तिचा आवाज आता त्यालाही कळेना.

भागाबाईचा चेहरा उजळला. तिची नजर लेकीच्या ओठांवर खिळली.

"आते येस! म्हन बेबा, म्हन. तुना आवाज अजून तसाच शे."

हेडफोनमधून बाहेर येणारी घुरघुर बेबानंही ऐकली, बापाकडे पाहिलं आणि आई तिलाच आपलं गाणं समजतेय हे तिला कळलं.

"म्हन बाई," कौतिक म्हणाला, "थांबू नको."

बेबानं पुढची ओळ म्हणायला घेतली, पण आवाज न काढताच. ती नुसते ओठ हलवत राहिली, आणि भागाबाई मांडीवर ताल धरत राहिली.